खेळ तिने बदलला, मैदान कोण बदलणार?

‘जिद्द असली की सगळं होतं’ हे वाक्य सातारा-सांगली भागातल्या शाळांच्या बक्षीस समारंभांत हमखास ऐकायला मिळतं. पाहुणे बोलायला उठतात, समोर ओळीत बसलेल्या मुलींकडे बघतात आणि माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरचं नाव घेतात. दुष्काळी गाव, शेतकऱ्याचं घर, तरी पोरगी ऑलिंपिकला गेली. मग तुम्हाला काय धाड भरलीय? टाळ्या पडतात. पाहुणे शाल-नारळ घेऊन गाडीत बसतात आणि मुली पाणी भरायला घरी जातात.

माझा आक्षेप या भाषणाला आहे, ललिताला नाही. तिचं कर्तृत्व इतकं मोठं आहे की कुणी पाहुण्याने ते फुगवून सांगायची गरज नाही. पण ते ज्या तऱ्हेने सांगितलं जातं, त्यातून एकच अर्थ मुलींच्या पदरात पडतो: तिला जमलं, तुम्हाला जमलं नाही, म्हणजे खोट तुमच्यातच आहे. ज्या गोष्टीने आपल्या मुलींच्या बाजूने उभं राहायचं, तीच त्यांच्यावर उगारली जाते. म्हणून मैत्रिणींनो, ही गोष्ट आपण पुन्हा एकदा, नीट, आपल्या बाजूने सांगू या.

ललिताचा जन्म १९८९चा. शाळेत ती खो-खो खेळायची. तिथून ती धावण्याच्या शर्यतींकडे वळली आणि २००५ साली पुण्यात झालेल्या वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवलं. पुढे लांब पल्ल्याच्या शर्यती आणि मॅरेथॉन. मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं ती भारतीय स्त्रियांत पहिली आली. त्यानंतर तिने पुन्हा खेळ बदलला. ती तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत उतरली. २०१४च्या इंचॉन आशियाई खेळांत कांस्य, २०१५च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत आठवी. २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली. पी. टी. उषाच्या १९८४च्या शर्यतीनंतर ३२ वर्षांनी भारताची कुणी स्त्री धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली होती. १५ ऑगस्टला झालेल्या त्या अंतिम शर्यतीत ती दहावी आली. तिचा विक्रम पारुल चौधरीने २०२३ मध्ये मोडला, तोवर सात वर्षं तो टिकला. तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, रेल्वेत नोकरी होतीच, पुढे राज्य शासनाने तिला महसूल खात्यात अधिकारपद दिलं आणि रायगड जिल्ह्यात माणगावला तिने तहसीलदार म्हणून काम केलं.

आता प्रश्न असा, की तिने खेळ बदलले ते का? भाषणातलं उत्तर ‘जिद्द’. मी वेगळं उत्तर देते. दर वेळी ती तिकडे गेली जिकडे बाईसाठी दार उघडं होतं.

खो-खो हा आपल्या मातीतला खेळ. दोन खांब आणि मोकळी जागा एवढंच त्याला लागतं, म्हणूनच तो गावोगावच्या मुलींना मिळाला. पण त्याची वाट राष्ट्रीय स्पर्धांपाशी संपत होती. खो-खोचा पहिला विश्वचषक व्हायला २०२५ साल उजाडलं. आपल्या मुलींनी तो दिल्लीत जिंकला, आनंद झाला. पण २००० सालच्या आसपास खो-खो खेळणाऱ्या मुलीला तो आनंद काय कामाचा? ती पळायला लागली, कारण पळायला काही विकत आणावं लागत नाही, रस्ता असला की झालं. मॅरेथॉनकडे गेली, तर तीही बायकांना ऑलिंपिकमध्ये १९८४ साली मिळालेली. तोवर जगातल्या शहाण्या पुरुषांचं मत होतं की बाईचं शरीर इतकं अंतर सोसणार नाही. १९२८ मध्ये बायका ऑलिंपिकला पहिल्यांदा आठशे मीटर धावल्या, धावून दमल्या, आणि त्यांचं दमणं बघवत नाही म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली गेली! पुरुष दमला तर तो लढवय्या, बाई दमली तर ती अबला. आणि स्टीपलचेस? ती शर्यत बायकांना ऑलिंपिकमध्ये मिळाली २००८ साली. म्हणजे ललिता दहा वर्षं आधी जन्मली असती, तर ज्या शर्यतीने तिचं नाव झालं ती शर्यत तिच्या उमेदीच्या वर्षांत ऑलिंपिकमध्ये नसतीच. तेव्हा हीच जिद्द घेऊन ती कुठे गेली असती?

त्या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या असतात. जिथे टँकरची वाट बघत दिवस जातो त्या तालुक्यातल्या मुलीला पाण्यावरून उडी मारायला शिकायचं होतं. अशी पाण्याची टाकी बांधलेली धावपट्टी गावात कुठून असणार? ती मिळाली राष्ट्रीय शिबिरात. तिथे पक्की धावपट्टी होती, निकोलाय स्नेसारेव्हसारखे प्रशिक्षक होते, खाणंपिणं होतं. जिद्द मोहीतही होतीच. शिबिरात बाकी सगळं मिळालं, तेव्हा तिची वेळ घसरत घसरत ९ मिनिटं १९ सेकंदांवर आली. हे ‘बाकी सगळं’ भाषणातून वगळलं जातं, कारण ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येतो, की मग ते आमच्या गावात का नाही?

खेळ बदलणाऱ्या बायकांचा हा इतिहास जुना आहे. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये बायकांची भालाफेक पहिल्यांदाच झाली आणि ती जिंकली अमेरिकेच्या बेब डिड्रिक्सनने. नॉर्वेहून आलेल्या कष्टकरी घरातली मुलगी. तिने अडथळ्यांच्या शर्यतीतही सुवर्ण आणि उंच उडीत रौप्य मिळवलं. आणखी खेळली असती, पण बाईने तीनपेक्षा जास्त वैयक्तिक प्रकारांत उतरायचं नाही असा नियम होता. एवढं करून पुढे काय? धावण्या-फेकण्यातून बाईचं पोट भरेल अशी सोय नव्हती आणि वर्तमानपत्रं तिच्या दंडांवर, केसांवर, ती नीट ‘बाई’ आहे की नाही यावर लिहीत होती. ती गोल्फकडे वळली. तिथेही बायकांना पैसे मिळवून देणाऱ्या स्पर्धा मोजक्याच होत्या. मग १९५० मध्ये तेरा जणींनी मिळून स्त्री गोल्फपटूंची व्यावसायिक संघटना उभी केली, त्यात बेब होती. १९५३ मध्ये तिचं कर्करोगाचं ऑपरेशन झालं आणि १९५४ मध्ये तिने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. तिची गोष्टही लोक जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यातली तेरा जणींची संघटना जास्त महत्त्वाची वाटते. ती गेली १९५६ मध्ये, पण त्या तेरा जणींनी उभं केलेलं काम आजही बायकांना खेळून पोट भरू देतं.

आपल्याकडची भालाफेकपटू अन्नू राणी बघा. मीरतजवळच्या खेड्यातली. भावांबरोबर क्रिकेट खेळताना तिचा हात किती लांब चेंडू टाकतो हे भावाच्या लक्षात आलं आणि ती भाल्याकडे वळली. भाला परवडत नव्हता तेव्हा उसाने आणि बांबूने सराव केला. पुढे ती टोकियो ऑलिंपिकला गेली, २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई खेळांत तिने सुवर्ण मिळवलं. ऊस तर आपल्या वाळवा-मिरजेत, कराडातही मैलोगणती उभा आहे. त्या उसाच्या पैशावर कारखाने, बँका, महाविद्यालयं, पुढाऱ्यांचे बंगले उभे राहिले. पण तालुक्याच्या ठिकाणी मुलींसाठी भालाफेकीची आखलेली जागा, सहाशे ग्रॅमचे दोन-चार भाले आणि शिकवणारी एक बाई, एवढं का उभं राहू नये? मुलींच्या हाती उसाचं कांडं, आणि त्याचंही कौतुक आपणच करायचं?

आपल्याकडे एक गंमत आहे. चार किलोचा गोळा फेकायचा म्हटलं की मुलगी नाजूक असते; दंड वाढतील, लग्नाला अडचण येईल, पोटात काहीतरी सरकेल. त्याच्या तिप्पट-चौपट वजनाचा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तीच मुलगी अर्धा कोस चालते, तेव्हा तिचा नाजूकपणा कुणाला आठवत नाही. म्हणजे बाईच्या ताकदीला कुणाचाच विरोध नाही, ती ताकद तिने स्वतःसाठी वापरली की विरोध सुरू होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की ‘खेळ बदलणारी’ ललिता ही अपवाद आहे. खेळ बदलायला आधी मैदानावर टिकावं लागतं. आपल्या बहुतेक मुली खेळ बदलत नाहीत, त्या खेळ सोडतात, किंवा त्यांना तो सोडायला लावला जातो. सातवीत खो-खोत चपळ असलेली मुलगी नववीत मैदानावर दिसत नाही. पाळी आली, शाळेत धड संडास नाही, गणवेशावर डाग पडला तर मुलं हसतात. धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं. आई रोजावर गेली की भाकऱ्या तिच्यावर. शाळेला जायला एसटीचा पास फुकट मिळतो, ही सवलत चांगलीच आहे. पण सराव संपल्यावर संध्याकाळी सहा-साडेसहाला गावाकडे जाणारी गाडी कुठे आहे? गाडी नाही म्हणून सराव नाही, सराव नाही म्हणून निवड नाही, निवड नाही म्हणून घरचे म्हणतात, ‘बघितलं ना, हिच्यात काही नव्हतंच.’ आणि मग पाहुणे बघायला येतात.

हे घडतं ते कुठल्या जिल्ह्यांत, तेही विसरू नये. २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५१. २०११च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नाव मिरवणाऱ्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. २०१७च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याच्या काठी १९ भ्रूण पुरलेले सापडले. मैदानाचा प्रश्न या सगळ्यापासून वेगळा नाही. जन्मायचं की नाही इथून ज्यांची परीक्षा सुरू होते, त्यांना खेळायला मिळणं हा त्याच परीक्षेतला पुढचा पेपर आहे.

कुणी म्हणेल, पण आता दिवस बदलले. सांगलीची स्मृती मानधना भारताची उपकर्णधार आहे आणि २०२५ मध्ये आपल्या मुलींनी नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. खरंच आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. पण या घरांकडे नीट बघा. स्मृतीचे वडील आणि भाऊ क्रिकेट खेळलेले होते. अदितीच्या शिक्षक वडिलांनी मुलीच्या सरावासाठी खेड्यातलं बिऱ्हाड साताऱ्यात हलवलं, धनुष्यासाठी कर्ज काढलं. अन्नूचा गुण भावाने ओळखला. प्रत्येक ठिकाणी घरातला एक पुरुष ‘हो’ म्हणाला. तो म्हणाला हे चांगलंच केलं. पण ज्या घरात बाप ‘नाही’ म्हणतो, बाप दारूत बुडालेला असतो किंवा बापच नसतो, जिथे परित्यक्ता आई शेतमजुरीवर घर चालवते, ज्या वस्तीतल्या मुलीला जातीमुळे गावचं मैदानही परकं असतं, तिथल्या मुलीने काय करायचं? बापाच्या मर्जीवर मिळतो त्याला हक्क म्हणत नाहीत, त्याला कृपा म्हणतात. आणि कृपेवर आपण चळवळ बांधलेली नाही.

आमच्या काही कार्यकर्त्या मैत्रिणींचंही मला पटत नाही. बैठकीत हा विषय काढला की त्या म्हणतात, ‘हुंडाबळी, मारहाण, जमिनीचा हक्क एवढे प्रश्न पडलेत, त्यात खेळाचं काय घेऊन बसलीस? पदकं आणि स्पर्धा हे पुरुषी जगाचं खूळ आहे.’ स्पर्धेच्या खुळाबद्दल त्यांचं थोडं खरं आहे. पण आपण शिबिरांत ‘माझं शरीर माझं आहे’ असं म्हणतो, ते शरीर मुलीला पहिल्यांदा स्वतःचं वाटतं कधी? कामात वाकलेलं शरीर घराचं असतं. रस्त्यावर आकसून चालणारं शरीर लोकांच्या नजरेचं असतं. जी मुलगी रोज तासभर कुणासाठी नव्हे, स्वतःसाठी पळते, ओरडते, पडते आणि उठते, तिला आपण नंतर पदनाट्यातून काय शिकवणार, त्यातलं निम्मं तिला आधीच कळलेलं असतं. शिवाय खेळ म्हणजे वेळ. बाईच्या वाट्याला फुरसत का येत नाही, हा प्रश्न आपण घरकामाच्या संदर्भात किती वर्षं विचारतोय. मैदान हे त्याच प्रश्नाचं सर्वांना दिसणारं रूप आहे.

पुरुषांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून तर गावागावांत तालमी आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं ते उगाच आभाळातून पडलं नाही. त्यांच्यामागे तालमींची, वर्गणीची, गावाच्या आधाराची परंपरा होती. तालीम गावाच्या पैशाने बांधलेली आणि अर्ध्या गावाला तिथे मज्जाव. पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ पासून भरते. बायकांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ भरली २०२३च्या मार्चमध्ये, आपल्या सांगलीत. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. बासष्ट वर्षं मुलींच्या अंगात ताकद नव्हती असं कुणाला म्हणायचं आहे काय?

आणि मैदान मिळालं म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. २०२३च्या जानेवारीत साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि त्यांच्या साथीदारांना कुस्ती महासंघाच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप करत दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या बाईची तक्रार साधी नोंदवून घ्यायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयात न्यावं लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी साक्षीने कुस्ती सोडत असल्याचं जाहीर केलं. हे राजधानीत घडतं, तर तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाच वाजता एकट्या प्रशिक्षकाबरोबर सराव करणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीने कुणाला सांगायचं? तिने घरी सांगितलं की तिचा खेळ बंद होतो, शिक्षा तिलाच. म्हणून ‘मुलींनो, मैदानावर या’ एवढंच म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे धरलेली आहे, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? जिथे अंतर्गत समिती नाही तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२चा पॉक्सो कायदा आहे. ही माहिती कबड्डी आणि खो-खोच्या प्रत्येक मुलीपर्यंत पोचवणं हे काम आपलंच आहे.

काम सुरूच झालेलं नाही असं नाही. माणमध्येच, म्हसवडला, १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली आणि त्याच माणदेशी परिवाराने पुढे गावच्या मुलामुलींसाठी खेळाचं प्रशिक्षण सुरू केलं. बाईच्या हातात पैसा आणि मुलीच्या पायात बूट यांचा संबंध तिथल्या बायकांना कळला. पण एका तालुक्यात एका संस्थेने करणं वेगळं आणि शासनाने, पंचायतीने ते कर्तव्य म्हणून करणं वेगळं. आज आपल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या बायका आपल्या बचत गटांतून, आपल्या शिबिरांतून गेलेल्या आहेत. त्यांच्या हातात ठराव आहे, शिक्का आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभांत आपण काही साधे प्रश्न विचारू या. गावच्या मैदानावर मुलींसाठी राखीव वेळ कोणती? तालमीचं दार मुलींना उघडं आहे का? शाळेत पाणी असलेला संडास आहे का? सरावानंतर मुलींना घरी पोचवणारी गाडी कोणती, आणि नसेल तर एसटीच्या आगाराला पंचायतीने पत्र दिलं का? तालुक्याच्या क्रीडा संकुलात गोळा, थाळी, भाला आहे का आणि किल्ली कुणाच्या खिशात आहे? प्रशिक्षकांत बाई किती? तक्रार कुणाकडे करायची, त्याचा फलक कुठे लावलाय? आणि प्रत्येक शाळेने सांगावं, की सातवीत खेळणाऱ्या किती मुली दहावीत खेळत होत्या. हा एक आकडा आपल्या प्रत्येक गटाने आपल्या गावापुरता काढला, तरी बक्षीस समारंभातल्या भाषणाला उत्तर मिळेल.

ललिताने खो-खो सोडून शर्यत धरली, मॅरेथॉन सोडून अडथळे धरले. तिला जे बदलता येण्याजोगं होतं ते तिने बदललं. पुढच्या वेळी कुणी पाहुणे मुलींना जिद्दीचा उपदेश करायला उभे राहिले, तर मुलींच्या मागे बसलेल्या आपण बायकांनी हात वर करावा आणि विचारावं: साहेब, जिद्द आमच्या मुलींकडे आहे, मैदान कधी देताय?